बांधणाऱ्यांचा थकवा आणि आपले वाङ्मय

प्रस्तुत लेखाचे निमित्त अगदी घरगुती आहे. बडोद्यात चार पिढ्या राहिलेल्या आमच्या कुटुंबाचा जुना वाडा काही वर्षांपूर्वी उतरवला गेला व त्या जागी चार मजल्यांची इमारत उभी राहिली. आमच्या वाट्याला सर्वांत वरचा मजला आला. नव्या घरातील दुसऱ्याच पावसाळ्यात बैठकीच्या खोलीच्या छताला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक ओलसर रेघ उमटली. ती रेघ पाहून आमच्या घरात जे उद्गार निघाले, ते अशा वेळी सर्वच घरांत निघतात : ‘हल्लीचे मजूर कामचुकार. पूर्वीच्या गवंड्यांची सर यांना कुठली!’

पुढे दुरुस्तीसाठी एक वृद्ध गवंडी आला. मूळचा दाहोदकडचा. आमच्या इमारतीचा स्लॅब भरला गेला त्या दिवशीही तो कामावर होता. छताकडे पाहून तो गुजरातीत जे बोलला त्याचा आशय असा : सकाळी सात वाजता काम सुरू झाले. दुपारी माल कालवण्याचे यंत्र बिघडले, त्यात दोन तास गेले. माणसांची दुसरी तुकडी आणायची तर ठेकेदाराला रोज द्यावा लागला असता, म्हणून तीच माणसे रात्री अकरानंतरही दिव्यांच्या उजेडात घमेली वाहत राहिली. जिथे काम अडले होते, तिथे जुना माल आणि नवा माल एकजीव झाला नाही. तीच ही रेघ. मग तो थोडा थांबला आणि म्हणाला, “साहेब, शेवटच्या मालात पाणीही जास्त पडले. आम्हीच घातले. घट्ट माल ओढायला हात उचलत नव्हते.”

या कबुलीने आम्हांला निरुत्तर केले. पाणी अधिक घातले की माल सैल होतो, फावड्याखाली सहज सरकतो. पण सुकल्यावर त्याची ताकद कमी होते व तो सच्छिद्र राहतो, हे त्या गवंड्यास आमच्याहून चांगले ठाऊक होते. अज्ञानाने नव्हे, आळसानेही नव्हे, तर सोळा तासांच्या थकव्याने ते पाणी मालात पडले होते. माणसाचा थकवा माणसापाशीच संपत नाही, तो भिंतीत मुरतो व पुढे कित्येक वर्षे तिथे राहतो, ही गोष्ट आम्ही आयुष्यात प्रथमच समजून घेतली. आमचा छंद वाचनाचा. त्यामुळे पुढचा प्रश्न साहजिकच असा पडला की, पन्नास वर्षे मराठी साहित्य वाचूनही ही गोष्ट आम्हांला एका गवंड्याकडूनच का कळावी?

मराठी वाङ्मयात श्रमिक नाही, असे कोणी म्हणणार नाही. तो आहे, आणि मोठ्या मानाने आहे. परंतु बांधकामावरच्या माणसापुरते पाहिले तर असे दिसते की, आपल्या साहित्याने त्याची भूक टिपली, त्याचे मरण टिपले, त्याच्या बाहुबलाचा गौरवही केला; त्याचा थकवा मात्र फारच थोड्या ठिकाणी टिपला. किती ओझे, किती खेपा, किती तास, आणि त्यामुळे हातातल्या कामाचे काय झाले, या प्रश्नांशी आपली लेखणी क्वचितच थांबते. हे विधान धाडसाचे वाटेल, म्हणून काही ठळक उदाहरणे तपासून पाहू.

सर्वांत जुने उदाहरण आपल्या नित्याच्या स्मरणातले आहे. संत चोखामेळा यांचा अंत मंगळवेढे येथे गावकुसाच्या बांधकामावर झाला. शके १२६० म्हणजे इ. स. १३३८ हे त्याचे वर्ष परंपरेने सांगितले जाते. कूस कोसळले आणि त्याखाली काम करणारी माणसे गाडली गेली. नामदेव तेथे गेले, ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या म्हणून त्यांनी ओळखल्या व पंढरपुरास आणून महाद्वारापाशी समाधी दिली. ही कथा आम्ही लहानपणापासून कीर्तनांत ऐकत आलो. अस्थींतून नाम येते त्या क्षणी श्रोत्यांचे डोळे भरून येतात; आमचेही आले आहेत. परंतु कूस का कोसळले, हा प्रश्न कोणत्याही कीर्तनात कोणी विचारल्याचे आम्हांला स्मरत नाही. पाया कच्चा होता काय? घाई होती काय? वर किती दगड चढवले होते आणि खाली किती माणसे राबत होती? चोखोबांच्या शेजारी जी इतर माणसे दडपली गेली, त्यांच्या अस्थी केवळ ‘नाम न येणाऱ्या’ अस्थी म्हणून कथेत उरतात. भक्तिकथेने एका मजुराला अमर केले, हे तिचे मोठेपण. पण त्याच वेळी बांधकामावरील अपघाताला तिने दैवी घटनेचे रूप दिले, हेही नोंदवले पाहिजे. मराठी परंपरेतील एक महान कवी बांधकामावर काम करताना मरण पावला, हे वाक्य आपण इतक्या साध्या शब्दांत उच्चारतच नाही.

भाषेनेही येथे एक साक्ष जपून ठेवली आहे. गवंड्याच्या हाताखाली माल, विटा, पाणी देणाऱ्यास आपण ‘बिगारी’ म्हणतो. हा शब्द ‘वेठबिगारी’तला, मूळ फारसी ‘बेगार’, म्हणजे मोबदल्याविना सक्तीने करून घेतलेले काम. आज बिगाऱ्याला रोज मिळतो, तरी नाव मात्र फुकटच्या श्रमाचेच राहिले आहे. ज्याच्या कामाला किंमत नाही असे भाषाच गृहीत धरते, त्याच्या थकव्याची नोंद वाङ्मयाने ठेवावी, ही अपेक्षा जड जात असेल तर नवल नाही.

मग थकवा, ताण, धास्ती यांच्या कथा आपण सांगतच नाही काय? सांगतो, पण कोणाच्या, ते पाहण्याजोगे आहे. बडोदेकरांस लक्ष्मीविलास राजवाड्याची आख्यायिका माहीत आहेच. मेजर चार्ल्स मँट यांनी त्याचा आराखडा केला. काम अपुरे असतानाच १८८१ साली ते वारले आणि रॉबर्ट चिझम यांनी १८९० मध्ये ते पुरे केले. आपली आकडेमोड चुकली असून इमारत टिकणार नाही, या धास्तीने मँटसाहेबांचे मन ढळले व त्यातच त्यांचा शेवट झाला, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. त्यात इतिहास किती आणि दंतकथा किती, हा प्रश्न निराळा. आमचा मुद्दा एवढाच की, कित्येक वर्षे चाललेल्या त्या प्रचंड कामातून लोकस्मृतीने मानसिक ताणाची एकच कथा निवडली, आणि ती वास्तुशिल्पज्ञाची. परांचीवर उभे राहून ज्यांनी त्या कमानी व ते मनोरे दगडादगडाने चढवले, त्यांना उंचीची भीती वाटली नसेल, रात्री झोप उडाली नसेल, असे थोडेच आहे? पण ताण हा शिकलेल्या माणसाला येतो आणि मजुराची केवळ कंबर दुखते, अशी एक वाटणी आपण मनाशी करून ठेवली आहे.

आधुनिक साहित्याकडे वळले की अण्णा भाऊ साठे यांचे नाव पहिल्याने घ्यावे लागते. १९५८ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनात, पृथ्वीचा भार शेषाने नव्हे तर कष्टकऱ्यांनी पेलला आहे, या आशयाचे त्यांचे उद्‌गार सर्वश्रुत आहेत. त्यांची ‘स्मशानातील सोनं’ ही कथा तर मराठीतील श्रेष्ठ कथांपैकी एक. वारणेकाठचा धिप्पाड भीमा मुंबईच्या उपनगरात दगडाच्या खाणीत काम करतो. खाण बंद पडते. पोटासाठी तो रात्री स्मशाने धुंडाळून मृतांच्या अंगावरचे सोने शोधू लागतो. शेवटी प्रेताच्या जबड्यात अडकलेली त्याची बोटे निकामी होतात व डॉक्टरांना ती कापावी लागतात; आणि त्याच वेळी खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. डोंगर फोडणारे हात गेले, म्हणून तो पहाडासारखा माणूस लहान मुलासारखा रडतो.

या शेवटाची ताकद कशात आहे? आमच्या मते ती भुताखेतांच्या भीतीत नाही आणि दारिद्र्याच्या कणवेतही नाही. भीमाचे हात हे त्याचे भांडवल होते आणि बेकारीच्या ताणाने त्याने ते गमावले, या अचूक हिशेबात ती आहे. काम नसण्याचा ताण माणसाला कामासाठीच निरुपयोगी करून टाकतो, हे इतक्या थोडक्यात मराठीत क्वचितच कोणी सांगितले असेल. तथापि एक गोष्ट ध्यानात घ्यावी. खाणीतले प्रत्यक्ष काम या कथेत जवळजवळ पडद्याआड आहे. ते भीमाच्या शक्तीची खूण म्हणून येते, हरवलेले सुख म्हणून येते. सुरुंग, घण, धूळ, उन्हाने तापलेला खडक यांनी त्या हातांवर आधीच काय कर घेतला होता, ते आपल्याला दिसत नाही. शेष असो वा श्रमिक, भार पेलणारा थकतो की नाही, हा प्रश्न येथेही अर्धाच राहतो. कथेचा हा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही, कारण तिला सांगायचे ते वेगळेच होते. पण या कथेवर जी समीक्षा झाली, तिनेही भीमाच्या स्मशानातील रात्रींबद्दल जेवढे लिहिले तेवढे खाणीतल्या दिवसांबद्दल लिहिले नाही.

तो दिवस आपल्याला सापडतो तो एका कवितेत. ‘कोंडवाडा’ (१९७४) आणि ‘बलुतं’ (१९७८) यांचे लेखक दया पवार यांची धरण बांधणाऱ्या बाईची कविता सर्वांनी ऐकलेली आहे. ती सभांतून गायली गेली, घराघरांत पोहोचली. तिचा आशय सांगताना आपण सहसा तिच्यातील विसंगतीवर बोट ठेवतो : जी धरण बांधते तिच्या वाट्याला पाणी नाही. ही विसंगती मोठीच आहे. परंतु कविता पुन्हा सावकाश वाचली, तेव्हा आम्हांला आणखी काही दिसले. ती चालते ते दिवसाच्या घड्याळावर. पहाट होण्याआधी जाते, मग कामाची वाट, मग चढते ऊन, आणि पाटीच्या आडोशाला ठेवलेले तान्हे मूल. म्हणजे धरणावर पहिली पाटी उचलण्यापूर्वीच या बाईचे एक काम उरकलेले असते आणि दुसरे काम करताना तिचे अर्धे मन पाटीखाली असते. दुहेरी ओझे यापेक्षा नेमके कसे सांगावे? येथे ‘स्त्रीचे दुःख’ असा ढोबळ शब्द नाही. तासांची मोजणी आहे. आणि ती जात्यावरच्या ओवीच्या वळणाने येते, हे तर फारच अर्थपूर्ण. ओवी हे आपल्या बायकांनी श्रमाचा ताण सोसण्यासाठी घडवलेले जुने साधन. कवीने ते साधन घेऊन, ज्या कामावर ओवी म्हणण्याइतका श्वासही उरत नाही, त्या कामाचे वर्णन केले.

मग अशा कविता, अशा कथा अधिक का नाहीत? शेतीच्या श्रमाला मराठीत समृद्ध भाषा आहे. बहिणाबाई चौधरींच्या कवितेत पेरणीपासून रासेपर्यंतची कामे त्यांच्या नेमक्या शब्दांसह येतात; कारण ती करणारा हातच तेथे गाणारा आहे. गिरणीच्या श्रमालाही वाङ्मय लाभले. गिरणगावात चाळ होती, भोंगा होता, पाळी होती, संघटना होती, कलापथके होती. नारायण सुर्वे यांच्यासारखा कवी त्या मातीतून उगवू शकला. बांधकामावरच्या माणसाला असे गाव नाही. तो जी इमारत बांधतो तिच्याच आडोशाला राहतो आणि ती पुरी झाली की त्याला तेथून उठावे लागते. घरमालक राहायला येतो तेव्हा बांधणारा निघून गेलेला असतो. एका जागी दोन वर्षेही न टिकणाऱ्या वस्तीत वाचनालय उभे राहत नाही, शाहीर तयार होत नाही. १९८२ च्या संपानंतर गिरणगाव उद्‌ध्वस्त झाले, त्याचा शोक मराठी नाटकाने व कथेने समर्थपणे व्यक्त केला. जयंत पवारांचे ‘अधांतर’ हे त्याचे ठळक उदाहरण. पण गिरण्यांच्या जागी जे मनोरे उभे राहिले, ते कोणी व कसे उभारले, याविषयी त्या मानाने फारच थोडे लिहिले गेले. जुन्या श्रमिकाच्या विस्थापनाची कथा आपण सांगितली. नव्या श्रमिकाचा दिवस सांगायचा राहिला.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. साहित्य म्हणजे कामगार निरीक्षकाचा अहवाल नव्हे. ओझ्याची किलोवारी मोजण्यासाठी कायदे आहेत, त्यासाठी कवी कशाला? कायदे आहेत हे खरे. बांधकाम मजुरांसाठी १९९६ साली स्वतंत्र कायदा झाला. पुढे तो २०२० च्या श्रमसंहितेत सामावला गेला. त्या कायद्याखालील १९९८ च्या केंद्रीय नियमांत प्रौढ पुरुषाने एका वेळी ५५ किलोपेक्षा व प्रौढ स्त्रीने ३० किलोपेक्षा अधिक ओझे उचलू नये, असे घातले होते. सिमेंटची गोणी ५० किलोची असते, म्हणजे पुरुषाच्या मर्यादेत ती बसते. वीट सुमारे तीन किलोची. दहा विटा डोक्यावर घेतल्या की बाईची मर्यादा संपते. आता पाहा. हा नियम एका खेपेचे वजन मोजतो. चुंबळीवर दहा विटा घेऊन, मे महिन्याच्या उन्हात, कठडा नसलेल्या जिन्याने ती बाई दिवसातून किती वेळा वर गेली, चाळिसाव्या खेपेला तिचे गुडघे काय म्हणत होते, खाली मूल रडत होते की झोपले होते, हे नियमाला मोजता येत नाही. पहिली खेप आणि चाळिसावी खेप यांचे वजन कागदावर सारखेच असते. शरीरावर व मनावर मात्र सारखे नसते. हा फरक सांगणे हे कथाकाराचेच काम आहे. जनाबाईसोबत दळायला, शेण वेचायला विठ्ठल आला, असे आपली परंपरा सांगते. ती कल्पना सुचायला आधी दळणाचे ओझे कोणाला तरी नीट जाणवावे लागले.

शिवाय यात केवळ करुणेचा नव्हे, कसबाचाही प्रश्न आहे. आमच्या वाड्यातील चुना सावकाश आवळणारा होता. घाणीत मळलेला माल गवंड्याची वाट पाहू शके. सिमेंट थांबत नाही. ते कालवले की तास-दोन तासांत आवळू लागते, आणि स्लॅब भरायला घेतला की मध्येच सोडता येत नाही. पूर्वीचा गवंडी अधिक प्रामाणिक होता असे आम्ही मानत आलो. त्याच्या हाताला वेळ अधिक होता, ही शक्यता आम्ही विचारातच घेतली नाही. अंगावर घेतलेल्या उक्त्या कामात जितके लवकर तितका फायदा. घेतलेली उचल फेडायची, होळीला गावी जायचे, खाडा पडला तर त्या दिवसाचा रोज बुडायचा. अशा मनःस्थितीत ओळंबा दुसऱ्यांदा लावून पाहण्याची उसंत कोणाला असते? आणि तरीही बहुतेक भिंती ओळंब्यात येतात, बहुतेक जिने सरळ उतरतात. म्हणजे थकलेल्या हातांतही कसब आणि स्वाभिमान किती शिल्लक असतो! मालात पाणी घातल्याची कबुली देताना त्या वृद्ध गवंड्याने मान खाली घातली होती. त्या लाजेत कारागीर होता. आपल्या साहित्यातील मजूर पुष्कळदा पीडित असतो, कधी क्रांतिकारक असतो. कारागीर म्हणून आपल्या कामाची लाज किंवा अभिमान बाळगणारा मजूर क्वचितच भेटतो. त्याला केवळ दुःखी दाखवण्यात, नकळत का होईना, त्याचा एक अवमान होतो, असे आम्हांला वाटते.

म्हणून श्रमाविषयीचे कोणतेही लेखन वाचताना यापुढे आपण तीन साधे प्रश्न विचारावेत, अशी आमची सूचना आहे. ओझे किती आहे? दिवस किती लांब आहे? आणि त्या ओझ्याने कामाचे काय झाले? या प्रश्नांची उत्तरे न देणारी कथा वाईट ठरते असे नव्हे; पण तिने कोणता भाग अंधारात ठेवला, हे तरी वाचकाला कळेल.

मंडळाच्या सभासदांस एक विनंतीही करावीशी वाटते. आपल्यापैकी अनेकांचे आजे-पणजे संस्थानच्या बांधकाम खात्यात ओव्हरसियर, कारकून, मिस्त्री होते. त्यांच्या पेट्यांतून हजेरीपट, मोजमापाच्या वह्या, रोजाच्या याद्या अजून निघू शकतील. त्या रद्दीत न घालता वाचाव्यात. किती घनफूट काम झाले, हे त्यांत लिहिलेले असेलच. किती माणसांनी, किती दिवसांत आणि किती खाडे पडून, हेही त्यांत सापडेल. साहित्याने जो दिवस फारसा लिहिला नाही, त्याचा काही पत्ता कदाचित तेथेच लागेल.

आमच्या छताची दुरुस्ती झाली. रेघेवर लेप बसला आणि वरून रंगही दिला गेला. पावसाळ्यात ती अजूनही किंचित दिसते. पाहुण्यांपैकी कोणी ती पाहून मजुरांना नावे ठेवू लागले, की आता आम्ही त्यांना त्या दिवशीच्या कामाचे तास सांगतो.